कोयनेलच्या झाडाला नाव कोणाचे?

मराठीत एक मोठे सोयीचे क्रियापद आहे : 'शोध लागला'. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकापासून रविवारच्या पुरवणीपर्यंत औषधांचा सारा इतिहास या एका क्रियापदावर चालतो. देवीच्या लसीचा शोध लागला, पेनिसिलिनचा शोध लागला, कोयनेलचा शोध लागला. पावसाची झड लागावी किंवा दुपारी डोळा लागावा, तसा शोध लागतो. त्याला कर्ता नाही, कष्ट नाहीत, कोणाचे रक्त नाही. आणि जेथे कर्ता येतो, 'लागला'चे 'लावला' होते, तेथे तो कर्ता हमखास एकटा असतो. त्याला नाव असते, आडनाव असते, बहुधा पदवीही असते. 'लागला' आणि 'लावला' या दोन शब्दांच्या मधल्या जागेत किती माणसे गाडली गेली आहेत, हा या लेखाचा विषय आहे.

मी मराठीचा शिक्षक आहे, औषधशास्त्राचा नाही. मग हा उपद्व्याप कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, औषधशास्त्र ही प्रयोगशाळेतली गोष्ट असली तरी औषधांचा इतिहास ही लिहिलेली गोष्ट आहे. तो एक वाङ्मयप्रकार आहे. त्याला नायक आहे, खलनायक आहे, प्रसंगांची निवड आहे, आणि मुख्य म्हणजे काय गाळायचे याचा अलिखित संकेत आहे. दलित समीक्षेने पुराणे तपासली, कादंबरी तपासली, मध्यमवर्गीय आत्मचरित्रे तपासली. विज्ञानाचे चरित्रवाङ्मय मात्र तिच्या नजरेतून सुटले. याचे कारण उघड आहे. पोथीच्या विरोधात आपल्याला विज्ञान हवे होते आणि आजही हवे आहे. देवीला नवस करणाऱ्या वस्तीत लस टोचणारा माणूस आला, तेव्हा तो आपल्याच बाजूचा होता. परंतु विज्ञान आपल्या बाजूचे आहे म्हणून विज्ञानाचे चरित्रकारही आपल्या बाजूचे आहेत असे होत नाही. ही दोन्ही निरनिराळी प्रकरणे आहेत, आणि त्यांची गल्लत आपण फार दिवस चालू दिली.

उदाहरण एकच घेतो, कोयनेलचे. हे नाव आता म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच उरले आहे. माझी आजी कोणत्याही कडू गोळीला कोयनेलच म्हणत असे. इंग्रजी 'क्विनीन'ला खेड्यातल्या जिभेने दिलेला हा आकार आहे. हिवतापावर नेमका चालणारा, जगभर पोचलेला हा पहिला उपाय. पुढच्या कितीतरी औषधांची वाट याच सालीतून निघाली. म्हणून या एका औषधाची कथा कशी सांगितली जाते हे पाहिले, तर बाकीच्या कथांची घडणही कळते.

कथेची सुरुवात अशी सांगतात. सतराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतील पेरू हा स्पेनच्या राजाचा मुलूख होता. तेथील व्हाइसरॉय काउंट चिंचोन याची पत्नी लिमा शहरात तापाने अंथरुणाला खिळली. लोखा प्रांताच्या अधिकाऱ्याने एका झाडाची साल पाठवली, तिची पूड पोटात जाताच काउंटेस खडखडीत बरी झाली आणि कृतज्ञतेने तिने ती पूड शहरातल्या गोरगरिबांना वाटली. सेबास्तियानो बादो या इटालियन वैद्याने १६६३ साली आपल्या ग्रंथात ही कथा सांगितली. १७४२ साली लिनियसने या झाडाच्या कुळाला त्या काउंटेसच्या घराण्यावरून 'सिंकोना' हे नाव दिले. देताना मूळ नावातले एक अक्षर गाळले.

या गळलेल्या अक्षराचे दुःख एका माणसाला फार झाले. त्याचे नाव क्लेमेंट्स मार्कहॅम. लंडनच्या इंडिया ऑफिसातला हा अधिकारी १८६० साली पेरूच्या डोंगरांत शिरला आणि सिंकोनाची रोपे व बिया भारतात आणण्याच्या मोहिमेचा प्रमुख झाला. १८७४ साली त्याने काउंटेस आना दे ओसोरियो हिच्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. तिची थोरवी सांगावी आणि झाडाच्या नावात तिचे अक्षर परत बसवावे, हा त्याचा हेतू होता. एका खानदानी बाईच्या नावातल्या एका अक्षरासाठी एक अख्खे पुस्तक!

पुढे १९४१ साली ए. डब्ल्यू. हॅगिस या अभ्यासकाने जुनी कागदपत्रे तपासली आणि या कथेचा पायाच ढासळला. आना दे ओसोरियो ही काउंटची पहिली पत्नी. काउंट पेरूला जाण्याच्या आधीच ती स्पेनमध्ये वारली होती. तिने पेरूची जमीन कधी पाहिलीच नाही. त्याच्याबरोबर लिमाला गेली ती दुसरी पत्नी, फ्रान्सिस्का. काउंटच्या कारभाराची जी रोजनिशी त्याच्या चिटणिसाने ठेवली होती, तिच्यात काउंटेसच्या तापाचा आणि सालीने बरे होण्याचा मागमूस नाही. म्हणजे ज्या झाडाने माणसांचे प्राण वाचवले, त्या झाडाला नाव मिळाले ते एका न घडलेल्या आजारावरून.

कथा खोटी ठरली म्हणून नाव बदलले नाही. ते बदलावे असाही माझा आग्रह नाही. मला प्रश्न पडतो तो निराळाच. ही कथा जवळजवळ तीनशे वर्षे कोणाला खटकली का नाही? कारण ऐकणाऱ्याला हवे ते सारे तिच्यात होते. औषधाला प्रतिष्ठा हवी, तर ते राजघराण्याच्या शरीरातून गेले पाहिजे. शेकडो मजूर त्या सालीने बरे झाले असतील, पण ती बातमी नव्हे. एक काउंटेस बरी झाली, तो इतिहास. आपल्याकडे एखादे देवस्थान जागृत ठरते ते राजाला पुत्र झाल्यावर. तेथे आधी नवस फेडून गेलेल्या कुणब्यांची आणि महारांची मोजदाद कोणी ठेवत नाही. मनाची ठेवण तीच.

येथे एक योगायोग नोंदवतो. मार्कहॅमचे पुस्तक १८७४चे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील लोकांना ती अर्पण केलेली आहे. फुल्यांनी काय केले? वरच्यांनी लिहिलेल्या अवतारकथा त्यांनी हरलेल्यांच्या बाजूने उलट्या वाचल्या. कथेत देव कोण आणि राक्षस कोण, हे ठरवणारी लेखणी कोणाच्या हातात होती, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांचे सारे तपशील आज टिकतात की नाही हा वाद बाजूला ठेवू. वाचण्याची रीत टिकते. सिंकोनाच्या कथेला तीच रीत लावून पाहू.

सालीचा गुण पहिल्यांदा कोणाला कळला? १६३८ साली छापलेल्या एका ग्रंथात कालांचा नावाच्या ख्रिस्ती साधूने लोखा भागातल्या 'तापाच्या झाडा'ची नोंद केली आहे. दालचिनीच्या रंगाची साल, तिची पूड, ती पेयात घालून देण्याची रीत आणि उतरणारा ताप, हे सारे तिच्यात आहे. सांगणारा साधू आहे. ज्यांच्याकडून ही माहिती आली ते 'स्थानिक लोक', आणि त्यांना नावे नाहीत. हिवताप हा रोगच अमेरिकेत युरोपियनांच्या आणि त्यांनी आणलेल्या आफ्रिकी गुलामांच्या शरीरांतून गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे अँडीज डोंगरातल्या आदिवासींना हिवतापाचे औषध अनादि काळापासून ठाऊक होते, असा भाबडा दावा मी करणार नाही. त्यांना ठाऊक होती ती अंगातली हुडहुडी घालवणारी एक साल. रोग जहाजातून आला आणि त्याचा उतारा जहाजातून गेला. मधली माणसे जागच्या जागी राहिली.

ही मधली माणसे म्हणजे साल सोलणारे मजूर. रानात शिरायचे, झाड शोधायचे, पाडायचे, सोलायचे, साल वाळवायची आणि तिचा भारा पाठीवर घेऊन उतारावरून चालत यायचे. स्पॅनिशमध्ये त्यांना 'कास्कारियेरो' म्हणत, म्हणजे सालवाले. कामावरून नाव पडले. माणसाचे नाव पडलेच नाही. ज्यांच्या वाडवडिलांची ओळख कामाच्या नावानेच झाली, त्या वाचकांना हे अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

यांतला एक माणूस मात्र नावानिशी आपल्यापर्यंत पोचला आहे. मानुएल इंक्रा मामानी. हा आयमारा जमातीचा. चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरी तो होता. सिंकोनाच्या अनेक जाती; बहुतेकींच्या सालीत क्विनीन अगदी थोडे. कोणत्या रानातले कोणते झाड जातिवंत, हे मामानीला नजरेने कळत असे. लेजरने त्याला बी आणायला सांगितले. लागोपाठ काही वर्षे फुलोरा हिमाने जळाला. मामानी थांबला. अखेर १८६५ साली चांगले बी घेऊन तो डोंगर उतरून लेजरकडे आला. बी-रोपे देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून बोलिव्हियाचे कायदे कडक होते. लेजरने ते बी लंडनला आपल्या भावाकडे पाठवले. ब्रिटिश सरकारने ते घ्यायचे नाकारले. डचांनी त्यातले पौंडभर घेतले आणि जावा बेटावर पेरले. त्या झाडांच्या सालीत दहा टक्क्यांच्या वर क्विनीन निघाले. मार्कहॅमच्या मोहिमेने निलगिरीत लावलेल्या तांबड्या सालीत ते दोन-तीन टक्क्यांच्या घरात होते. एका आदिवासी माणसाच्या पारखीवर जावाचा मक्ता उभा राहिला; १९३०च्या दशकात जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक क्विनीन जावातून येत होते.

आणि मामानी? पुन्हा बी आणायला गेला असता तो पकडला गेला. त्याला तुरुंगात टाकले, मारहाण केली, कोणासाठी बी गोळा करतोस ते सांग म्हणून छळले. त्याने नाव सांगितले नाही. सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो मेला. हे आपल्याला कळते तेही लेजरच्या लिहिण्यातून. त्या जातीच्या झाडाला नाव मिळाले 'सिंकोना लेजरियाना'. म्हातारपणी लेजरला डच सरकारने निवृत्तिवेतनही दिले.

मामानीला हुतात्मा करण्याचा मोह मी टाळतो. तो कोणत्या क्रांतीसाठी मेला नाही. तो मालकाचे नाव राखण्यासाठी मेला, आणि नाव राखले गेले ते मालकाचेच. त्याच्या देशाच्या दृष्टीने तर तो चोरीत सामील होता. ज्याचा जन्म दुसऱ्याच्या चाकरीत जातो, त्याच्या निष्ठेचेही असेच होते. ही शोकांतिका खरी आहे. पण औषधाच्या इतिहासाला या शोकांतिकेसाठी पान नाही, आणि असलेच तर ते लेजरच्या चिकाटीची पार्श्वभूमी म्हणून.

आता दुसरी बाजू. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेत्ये आणि कावाँतू या दोन औषधनिर्मात्यांनी सालीतून क्विनीन वेगळे केले. ही गोष्ट मी लहान मानत नाही, आणि आपल्यापैकी कोणी लहान मानू नये. सालीची पूड म्हणजे नशिबाचा खेळ होता. एका भाऱ्यात सत्त्व भरपूर, दुसऱ्यात नावाला. शिवाय व्यापाऱ्यांची भेसळ. सत्त्व वेगळे झाले आणि मात्रा ठरवता आली. इतके ग्रेन, इतक्या वेळा. यानंतर औषध देणाऱ्याची विद्या हातगुणावर किंवा घराण्यावर राहिली नाही. ती मोजता येऊ लागली, आणि जे मोजता येते ते कोणालाही शिकवता येते. वैद्यकाच्या इतिहासातला हा लोकशाहीचा क्षण आहे. त्या दोघांनी आपल्या कृतीचा मक्ताही घेतला नाही. ती छापून सर्वांना खुली केली. सत्त्व काढून, मोजून, शरीरात ते काय करते हे पाहण्याच्या या रीतीतूनच औषधशास्त्र जन्मले. १८४७ साली रुडॉल्फ बुखहाइमने डोर्पाट येथे त्याची पहिली प्रयोगशाळा उभी केली.

पुढची साखळी तर कादंबरीसारखी आहे. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये कृत्रिम क्विनीन बनवायला बसला आणि त्याच्या हाती लागला जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचे कारखाने निघाले. त्या रंगांनी जंतू रंगवता रंगवता पाउल एर्लिखला सुचले की, जो रंग जंतूला धरतो तो त्याला मारूही शकेल. १८९१ साली मेथिलीन ब्लू हा रंग त्याने हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला. रंगांच्याच कारखान्यांतून पुढे कृत्रिम औषधे आली. १९३४ साली जर्मनीत हान्स आंडरझागने क्लोरोक्विन तयार केले. एकेकाळी गावोगाव भिंतीवर तारीख लिहून जाणारा हिवताप कर्मचारी आपल्या हातावर ठेवत असे, ती कडू गोळी हीच.

परंतु मात्रा ठरली म्हणजे ती सर्वांना मिळाली असे नव्हे. क्विनीन आधी कोणाच्या पोटात गेले? १८५४ साली विल्यम बेकीची मोहीम नायजर नदीतून आफ्रिकेच्या पोटात शिरली, तेव्हा रोज क्विनीन घेतल्यामुळे तिच्यातला एकही युरोपियन तापाने दगावला नाही. पुढे आफ्रिका वाटून घेताना या गोळीने बंदुकीइतकेच काम केले. भारतातली लागवडही आधी गोऱ्या पलटणींची आणि कारभाराची गरज होती. निलगिरीतल्या नडुवट्टम येथे सिंकोनाच्या मळ्यावर काम करायला मलायाकडच्या वसाहतींतून आणलेले चिनी कैदी होते. त्यांना ठेवलेला तुरुंग आजही तेथे दाखवतात. सामान्य रयतेपर्यंत औषध पोचायला काळ गेला. १८९२पासून बंगालमध्ये टपाल कचेरीतून पैशाला एक पुडी अशी क्विनीनची विक्री सुरू झाली. ही योजना चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. पण लागवडीला सुरुवात होऊन तोवर तीस वर्षे उलटली होती.

आता या कथेतला आपल्या भूमीवरचा प्रसंग. हिवताप डासातून पसरतो हे सिद्ध करण्याचा मान रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला मिळाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची चिकाटी खोटी नव्हती. सिकंदराबादच्या उकाड्यात पंख्याशिवाय, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, त्याने शेकडो डास फाडले. पण तो डास कोणाचे रक्त पिऊन आला होता? हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याचे. मच्छरदाणीत सोडलेले डास त्याने स्वतःला चावू दिले. मोबदला ठरला होता डासामागे एक आणा. त्याच्या दोन वर्षे आधी, हिवताप पाण्यातून होतो असा समज असताना, रॉसने लछमन नावाच्या एका निरोगी तरुणाला मेलेल्या डासांचे पाणी प्यायला दिले होते. त्याला ताप आला. पाण्याची ती कल्पना पुढे चुकीची ठरली.

रॉसचा प्रामाणिकपणा असा की, त्याने ही नावे लिहून ठेवली. म्हणून आज आपण ती उच्चारतो. पण रॉस कवीही होता. शोधाच्या आनंदात त्याने एक कविता लिहिली, आणि ती त्याच्या शोधाइतकीच प्रसिद्ध आहे. समीक्षकाने ती एकदा पात्रांची यादी करून वाचावी. कवितेत देव आहे. 'मी' आहे. मृत्यू आहे, त्याला तर थेट संबोधन आहे. आणि वाचणार असलेली असंख्य माणसे आहेत. ज्याच्या रक्ताने तो डास भरला, तो एक माणूस मात्र नाही. नोंदवहीत हुसेन खान आहे, कवितेत नाही. गद्यातून पद्यात जाताना गळतो तो माणूस कोणता असतो, याचा हा नमुना आहे. आपल्या वाङ्मयात 'मानवते'वर लिहिलेल्या कवितांचे तरी दुसरे काय झाले? मानवता आली, आणि वाड्याच्या मागच्या दाराशी उभा असलेला माणूस तेवढा राहून गेला.

येथवर वाचून काही मंडळींना आनंद होईल. ते म्हणतील, पाहा, पाश्चात्त्य औषधे ही लूटमार आहे. आमच्या ग्रंथांत सारे होतेच. या आनंदात आपण सहभागी होऊ नये. ज्या परंपरेचा हे अभिमान सांगतात, तिने वैद्याला कोणती वागणूक दिली? मनुस्मृतीने वैद्याचे अन्न अपवित्र ठरवले आणि त्याला श्राद्धकर्मातून वगळले. अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य, तर त्यांनाही सोमपानाचा हक्क नाकारल्याच्या कथा आहेत. का? कारण वैद्याचा हात रक्ताला लागतो, पुवाला लागतो, प्रेताला लागतो. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही गोष्ट सविस्तर मांडली आहे. हाताला विटाळ मानणाऱ्या समाजात हाताने शिकायची विद्या कशी वाढणार? बाळंतपण करणारी सुईण लागे, पण तिला ओसरीवर घेत नसत. ज्या संस्कृतीने हाताचा अपमान केला, तिने आज हाताच्या विद्येचा वारसा सांगू नये.

जुन्या ज्ञानाचे काय करायचे, याचे एक चांगले उदाहरण चीनचे आहे. व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिक मरू लागले. क्लोरोक्विन निकामी ठरू लागले होते. २३ मे १९६७ रोजी चीनमध्ये एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. त्यात तू यूयू या संशोधक बाईंनी जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या ग्रंथात एका वनस्पतीचा रस थंड पाण्यात भिजवून काढण्याची रीत त्यांना सापडली. त्यावरून उष्णतेने सत्त्व नासत असावे असे त्यांनी ताडले, कमी उष्णतेत ते काढले, प्राण्यांवर तपासले, १९७२ साली आधी स्वतः घेतले आणि मग रोग्यांना दिले. ते आर्टेमिसिनिन. ग्रंथाला त्यांनी नमस्कार घातला नाही. त्याची परीक्षा घेतली. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, अनुभवाने तपासून घ्या, ही कालाम सुत्ताची शिकवण आपल्याला परकी नाही. आपल्या सुइणींच्या आणि वैदूंच्या ज्ञानालाही हाच न्याय लावला पाहिजे. त्याची टिंगल नको, आरतीही नको.

या चिनी उदाहरणात नावाचाही एक धडा आहे. १९७७ साली या औषधावरचा पहिला निबंध छापला गेला तेव्हा त्यावर कोणा व्यक्तीचे नावच नव्हते. सारे श्रेय समूहाचे. तू यूयूंना नोबेल मिळाले ते थेट २०१५ साली. सर्वांची नावे पुसून टाकणे म्हणजे समता, असे कोणाला वाटत असेल तर त्याने यावर विचार करावा. ज्याचे नाव आधीच मोठे असते त्याचे पुसल्याने बिघडत नाही. ज्याचे नाव पहिल्यांदाच लिहिले जाणार असते, त्याचे मात्र सर्वस्व जाते.

हा सारा भूतकाळ आहे, असे म्हणून पुस्तक मिटता आले असते तर बरे झाले असते. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस टोचण्याचा अभ्यासप्रकल्प राबवला गेला. खम्ममच्या मुलींत आदिवासी आणि वसतिगृहात राहणाऱ्या पुष्कळ होत्या. काही मुली दगावल्या आणि २०१० साली प्रकल्प थांबवण्यात आला. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत निघाले. ते आपण मान्य करावे. लस उपयोगी आहे, हेही मान्य करावे. पण २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने आपल्या अहवालात जे ताशेरे ओढले ते संमतीबद्दल होते. कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर सही होती वसतिगृहाच्या अधीक्षकांची किंवा मुख्याध्यापकांची. आईबापांची नव्हे.

म्हणजे मामानीच्या झाडावर लेजरचे नाव, आणि खम्ममच्या मुलीच्या दंडासाठी अधीक्षकाची सही. दीडशे वर्षांत प्रयोगशाळा पार बदलली; कागदावर कोणाचा हात उठायचा, हे फारसे बदलले नाही. हुसेन खानाला निदान आणा मिळाला होता आणि डास चावणार हे ठाऊक होते. म्हणून मला वाटते, नावाचा प्रश्न हा मानापमानाचा प्रश्न नाही. ज्याचे नाव इतिहासात येत नाही, त्याला विचारायचे असते हेच उद्याच्या डॉक्टरला सुचत नाही. पाठ्यपुस्तकातली रिकामी जागा पुढे संमतिपत्रात उतरते.

यावर आपण काय करावे? औषध नाकारू नये. गडचिरोलीच्या जंगलात तापाने फणफणलेल्या मुलाला गोळी वेळेवर पोचणे, हे माझ्या या सगळ्या समीक्षेपेक्षा मोठे काम आहे. परंतु ती गोळी हातावर ठेवणाऱ्या आशाताईचे, रक्ताच्या काचा घेऊन मैलोगणती चालणाऱ्या कर्मचाऱ्याचे, पाठीवर पंप बांधून घरोघर डीडीटी फवारणाऱ्या मजुराचे, शवविच्छेदनाच्या खोलीत डॉक्टर यायच्या आधी सुरी चालवणाऱ्या माणसाचे चरित्र कोठे आहे? आपल्या आत्मकथनांनी भूक लिहिली, विटाळ लिहिला, शाळा लिहिली. दवाखाना अजून नीट लिहिलेला नाही. यांतली पुष्कळ माणसे आपल्याच वस्तीत राहतात. विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांची नावे, कामाची वर्षे, त्यांनी पाहिलेल्या साथी लिहून घ्याव्यात. ते म्हातारे होत आहेत.

आणि शिक्षकांनी निदान एक गोष्ट करावी. 'क्विनीनचा शोध कोणी लावला?' हा प्रश्न परीक्षेत एका गुणाला येतो आणि त्याचे उत्तर दोन फ्रेंच नावांत संपते. उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. सालवाले, मामानी, पेलेत्ये, कावाँतू, नडुवट्टमचे कैदी ही सारी माणसे एका गुणात मावत नाहीत. हा प्रश्न पाच गुणांचा करावा.